रिकाम्या खोलीला मिळालेले मार्क

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार, जय भीम. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या. सतरंजीवर भरपूर जागा आहे, आणि मला आज ओरडून बोलायची ताकद नाही.

मी कुसुम. बरेच जण ओळखता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मी जिल्हा परिषदेची निवृत्त मास्तरीण आणि डॉक्टर संघमित्राची शाळेपासूनची मैत्रीण. तुम्ही तिला मॅडम म्हणायचे, ताई म्हणायचे. मी संघा म्हणायची. राळेगाव तालुक्यातल्या एकाच गावात, एकाच बाकावर शिकलो आम्ही. बाकावर म्हणजे काय, तरटावर. बाक आमच्यानंतर आले. जन्मभर वर्गात बडबड केली मी, कधी शब्द शोधावा लागला नाही. आणि आज पाहा, एक शब्द सापडून नाही राह्यला. सांभाळून घ्या. मधेमधे तोंडात आपली वऱ्हाडी येईल, तीही सांभाळून घ्या. संघाबद्दल मला पुस्तकी भाषेत रडता येत नाही.

माझ्या आधी सर बोलले. शिक्षणात आणि परीक्षेत कृत्रिम बुद्धिमत्ता आणायचं काम ताईंनी केलं, तेव्हा आपल्याकडे हा शब्दही कोणाला माहीत नव्हता, असं म्हणाले. खरं आहे. त्यांच्यानंतर एक जण म्हणाले, ताई देवमाणूस होत्या. हे मात्र खरं नाही. भीमदादा, रागावू नका, तुमची बहीण देवमाणूस नव्हती. तुम्हालाही माहीत आहे. हट्टी होती. चहात साखर कमी पडली की तोंड वाकडं करायची. माझ्याशी भांडून महिना-महिना अबोला धरायची, आणि मग काहीच झालं नाही अशी फोन करायची, 'काय करून राह्यली वं?' म्हणून.

आणि तिच्या हातून एक चूक झाली होती. मोठी. त्या चुकीनं तिला शेवटपर्यंत सोडलं नाही. आज इथे त्याबद्दल कोणी एक अक्षर काढलं नाही, सगळे गोड बोलले. माणूस गेल्यावर गोड बोलायची आपली रीत आहे, समजते मला. पण संघानं मला बजावून ठेवलं होतं. 'कुसुम, माह्या शोकसभेत कौतुक सुरू झालं ना, तर तू उठ आन् त्या पोरीचं सांग.' मी म्हटलं, 'मीच आधी जाईन, तूच सांग.' घ्या. मीच उभी आहे.

तर त्या पोरीचं सांगते.

पण आधी संघाचं काम काय होतं ते माझ्या शब्दांत सांगू द्या. सरांनी सांगितलं ते मला काही समजलं नाही. तुम्हालाही समजलं नसेल, नुसत्या माना हलवत होते सगळे. साधी गोष्ट आहे. पोरगं पुस्तकातला उतारा मोठ्यानं वाचतं. मशीन ऐकते. ऐकून सांगते, याला चांगलं वाचता येतं, याला बरं येतं, याला येत नाही. एवढंच. पण त्यासाठी मशीनला आधी शिकवावं लागतं. शेकडो पोरांचे आवाज तिला ऐकवायचे आणि प्रत्येक आवाजासोबत सांगायचं, हे पोरगं हुशार, हे कच्चं. ऐकून ऐकून मशीन स्वतःच ठरवते, हुशार म्हणजे काय आणि कच्चं म्हणजे काय. कशावरून ठरवलं ते मात्र सांगत नाही. संघा म्हणायची, 'आपल्या गावच्या सासवांसारखं आहे वं. सून वाईट आहे हे सांगतात, काहून वाईट ते सांगत नाहीत.'

आता ती एवढी शिकलेली बाई, पुण्यात मोठ्या संस्थेत, हिला हेच काम काहून सुचलं? मला माहीत आहे काहून सुचलं. आमच्या वर्गात उभं राहून कोण वाचणार, ते ठरलेलं होतं. गुरुजी बोट करायचे. बोट माझ्याकडे यायचं. रोज यायचं. मी पाटलाची पोरगी. संघा माझ्या बाजूला बसलेली, मी अडखळले की ओठातल्या ओठात मला शब्द सांगायची. तिच्याकडे बोट कधी आलं नाही. चौथी पास होईस्तोवर नाही. गुरुजी वाईट होते असं मी म्हणत नाही, पोरांना कधी मारलं नाही त्यांनी. पण बोट काही तिकडे गेलं नाही.

म्हणून ती म्हणायची, 'मशीनले आडनाव ऐकू येत नाही, कुसुम. मशीनले फक्त वाचलेलं ऐकू येते.' हे म्हणताना तिचे डोळे असे चमकायचे की काय सांगू! त्या वाक्यासाठी तिनं अख्खा जन्म वाहिला.

ती कापसाची वाईट वर्षं होती. कोणती वर्षं, ते इथे सांगायची गरज नाही. प्रत्येक घरानं पाहिली आहेत. दर हिवाळ्यात संघा पुण्याहून यायची, खांद्याला आवाज धरायची मशीन, आणि मी रजा टाकून तिच्यासोबत. तालुक्याच्या केंद्रशाळेत आम्हाला एक खोली मिळाली होती. खोलीच्या मागच्या भिंतीपलीकडे जिनिंगचा कारखाना. कापूस आला की जिनिंग सुरू, घर्र घर्र घर्र, दिवसभर. सरकी वेगळी, रुई वेगळी. खिडकीच्या गजावर रुईचा पांढरा थर बसायचा. पहिल्या दिवशी डोकं दुखलं माझं, मग सवय झाली. इतकी सवय झाली की तो आवाज ऐकूच येईना.

आता आपल्या शाळांची एक सवय. इथे मास्तर लोक बरेच आहेत, खाली पाहू नका. साहेब येणार म्हटलं की आपण काय करतो? हुशार पोरं पुढे. तेल लावून, भांग पाडून. कच्ची पोरं मागच्या रांगेत, नाहीतर त्या दिवशी घरीच. हे कोणी शिकवत नाही, नोकरी लागली की आपोआप येतं. पुण्याहून मॅडम येणार म्हटल्यावर सगळ्या मुख्याध्यापकांनी तेच केलं. आपापल्या गावची हुशार पोरं निवडली, जीपमध्ये कोंबली आणि केंद्रशाळेत आणून सोडली. संघा चिडली. म्हणाली, 'मला सगळी पोरं पाहिजेत.' एक मुख्याध्यापक म्हणाले, 'मॅडम, बाकीचे आणून काय करता? गावाची इज्जत जाईल.'

मग काय, बाकीच्यांसाठी ती स्वतः गावोगाव हिंडली. एसटीनं. जिथे एसटी जात नाही तिथे कोणाच्या सायकलवर मागे बसून. मी म्हणायची, 'अगं, पुरे झालं, शंभर हुशार झाले, कच्चे चार घे आणि चल.' ऐकेल तर शपथ. गावच्या शाळेत दुपारची शांतता. सगळी माणसं वावरात. कडुनिंबावर एखादा कावळा बोलला तर बोलला. त्या शांततेत तिनं एकेका कच्च्या पोराला पुढ्यात बसवून वाचायला लावलं. घाई नाही, रागावणं नाही. किती मायेनं केलं म्हणून सांगू! एकही पोरगं सोडलं नाही. आणि तिथेच घात झाला. आम्हाला कळायला मात्र वर्षं गेली.

मशीन तयार झाली. नाव झालं, फोटो आला, भीमदादांनी गावात पेढे वाटले. पुढच्या हिवाळ्यात एका निवासी शाळेनं पोरं निवडायला ती मशीन मागितली. शाळेचं नाव घेत नाही, त्यांचा काही दोष नव्हता. मजुरांच्या, कास्तकारांच्या, कोलामांच्या पोडावरच्या पोरांना पाचवीपासून बारावीपर्यंत राहणं, खाणं, शिकणं, सगळं तिथे. ज्याला वाचता येतं त्याला घ्यायचं. परीक्षा आमच्याच खोलीत. आत संघा आणि मशीन. बाहेर दारात मी, एकेकाला आत सोडायला.

त्या वर्षी कापूसच नव्हता. बोंडं अळीनं खाल्ली. जिनिंग कधी चाले, कधी बंद राही. आमच्या मनातही नाही आलं की त्याचा आपल्याशी काही संबंध आहे. उलट बंद असली की बरं वाटायचं, पोरांचं नीट ऐकू येते म्हणून.

अशाच एका बंद दिवशी ती आली. तिचं खरं नाव सांगत नाही, कांचन म्हणू. चौथीतली. बापासोबत आली होती, दोन वेण्या, लाल रिबिनी, पायात चप्पल नाही. आत गेली, वाचून बाहेर आली, आणि मला विचारलं, 'मावशी, आता मी तिथं जाईन ना शिकाले?' मी म्हटलं, 'जाशील हो.' दार बंद होतं, मी काही ऐकलं नव्हतं. पोरीचा चेहरा पाहून म्हटलं.

मशीननं सांगितलं, वाचता येत नाही.

आता ऐका. नीट ऐका, कारण हेच सांगायला तिनं मला उभं केलं आहे. संघा आत होती. संघानं ती पोरगी स्वतःच्या कानांनी ऐकली होती. किती छान वाचलं होतं तिनं! संघाला ते कळलं होतं. आणि तरी तिनं मशीनचं मानलं. नंतर मला म्हणाली, 'मले वाटलं, ती पोरगी मले आवडली म्हणून मले चांगलं वाटून राह्यलं. गुरुजींलेही तू आवडत होती ना? माणसाच्या कानाचा काय भरोसा? मशीनले तर आवडनिवड नाही.'

म्हणजे जे आमच्या गुरुजींनी केलं ते आपल्या हातून होऊ नये, या एका भीतीनं तिनं स्वतःचे कान बाजूला ठेवले. तुम्हाला समजते का हे? मला समजायला फार दिवस लागले. मला तर राग आला होता तिचा. अजूनही येतो. आज इथे तिच्या फोटोसमोर उभी राहून सांगते, येतो.

वर्षं गेली. ती मशीन जुनी झाली, बंद पडली, नवीन आल्या. संघा मोठी झाली, परदेशात जाऊन आली, पोरं तिच्या हाताखाली शिकून गेली. एक दिवस तिच्या एका विद्यार्थ्यानं सहज म्हणून त्या जुन्या आवाजांतला मागचा गोंगाट पुसून टाकला, आवाज स्वच्छ केला, आणि जुन्या मशीनला पुन्हा ऐकवला. सगळी हुशार पोरं नापास. एकूण एक.

दुपारी तिचा फोन आला मला. मी भाजी निवडत होते. आवाज असा, जसं घरात कोणी गेलं. म्हणाली, 'कुसुम, आपण पोरांना बोलवायच्या आधी खोलीचा नुसता आवाज भरून पाहायचो, आठवते? मशीन चालू आहे का बंद ते पाहायला?' म्हटलं, 'हो.' म्हणाली, 'तो आवाज आज मी मशीनले ऐकवला. त्यात कोणी नाही, कुसुम. खोली रिकामी आहे. फक्त जिनिंग चालू आहे मागे. आन् मशीन म्हणते, उत्तम वाचलं.'

माय वं! माझ्या अंगावर काटा आला. आत्ताही येऊन राह्यला.

समजलं ना? हुशार पोरं सगळी जीपनं केंद्रशाळेत आली, त्यांच्या मागे जिनिंगचा आवाज. कच्ची पोरं गावच्या शांततेत. मशीननं वाचन ऐकलंच नव्हतं. मशीन शिकली एवढंच, की मागे घरघर असेल तर पोरगं हुशार, आणि शांतता असेल तर कच्चं. आडनाव तिला ऐकू येत नव्हतं, हे खरं. पण जिनिंग ऐकू येत होती. मग निवडीच्या वेळी ज्या दिवशी कापूस आला, जिनिंग चालली, त्या दिवशीची पोरं पास. ज्या दिवशी कापूस नाही, त्या दिवशी आलेली पोरं नापास. कोणी वाचो, न वाचो.

पुण्याच्या लोकांनी तिला समजावलं. जुनी गोष्ट आहे, मॅडम. ती मशीन आता कोणी वापरत नाही. कशाला उकरून काढता? तिनं काय करावं? मोठी सभा भरली होती, देशोदेशीचे लोक, तिथे उभी राहिली आणि सगळ्यांना तो रिकाम्या खोलीचा आवाज ऐकवला. नुसती घरघर. आणि पडद्यावर मार्क दाखवले. काही लोक हसले म्हणे. तिनं आपला शोधनिबंध मागे घेतला, ज्या निबंधावर तिचं नाव झालं होतं तो. मग संस्था सोडली आणि इकडे यवतमाळला भीमदादांकडे येऊन राहिली. लोक म्हणाले, थकल्या असतील.

थकली नव्हती. पछाडली होती. हो, हाच शब्द. त्या निवडीच्या वेळचे सगळे आवाज तिनं परत ऐकायला घेतले, या वेळी स्वतःच्या कानांनी. वहिनी साक्षीला आहेत. भर मे महिन्यात पंखा बंद करून बसायची. फ्रिजचं बटण बंद करायची, दूध नासायचं. मिक्सर लावला तर उठून जायची. 'त्या घरघरीत मले वाटते कोणी वाचून राह्यलं,' म्हणायची. आणि त्या आवाजांमध्ये तिला कांचन सापडली. आपली पोरं सवयीनं आधी नाव सांगतात ना, माझं नाव अमुक, वर्ग चौथा, मुक्काम अमुक? तसं तिनं सांगितलं होतं. मग उतारा वाचला होता. कुठे अडली नाही. पूर्णविरामाला थांबली, प्रश्नाला आवाज वर नेला. मी ऐकला आहे तो आवाज. माझ्या सगळ्या नोकरीत माझ्या वर्गात असं वाचणारं पोरगं मला मिळालं नाही.

त्या दिवसापासून संघानं एकच धरलं. त्या पोरीला शोधायचं आणि तिच्या तोंडावर सांगायचं, की बाई, तू बरोबर वाचलं होतं. बाकीच्या नापास पोरांचाही पत्ता तिनं काढला. कोणी पुढे दुसरीकडून शिकलं, कोणी राजूरला खाणीवर लागलं, एक पोरगा कंडक्टर आहे, त्यानं आमच्याकडून तिकिटाचे पैसे घेतले नाहीत. त्याला सगळं सांगितलं तर म्हणाला, 'जाऊ द्या मॅडम, माझं काही अडलं नाही.' पण कांचनचं काही समजेना. माहेरचं घर उठून गेलेलं. शेवटी तिच्या गावच्या शिक्षकानं सांगितलं, उमरखेडकडे दिली आहे.

मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघी गेलो. उमरखेडला उतरलो, तिथून ऑटो. कांचन अंगणात सुपानं तूर पाखडत होती. तिची पोरगी शाळेत गेलेली. आम्ही कोण, कुठल्या, ते संघानं सांगितलं. कांचननं बाज टाकली, त्यावर चादर टाकली, पाणी दिलं.

संघानं विचारलं, 'तुला आठवते का, चौथीत असताना तालुक्याला आली होती परीक्षेला?'

'परीक्षा नाही आठवत बाई.'

'आता वाचते का काही? पेपर वगैरे?'

ती हसली. काय सहज हसली! म्हणाली, 'मले कुठं येते वाचता. माह्या डोक्यात अभ्यास नव्हताच. लहान होती तवाच कॉम्प्युटरनं पाह्यलं ना मले. बाबा म्हणे, मास्तर खोटं बोलीन, कॉम्प्युटर कायले खोटं बोलीन? मंग पाचवीत सोडली शाळा. कापूस वेचाले गेली मायसंग.'

परीक्षा आठवत नव्हती तिला. निकाल आठवत होता.

संघानं मोबाइल काढला, वायर कांचनच्या कानात दिली, आणि नावाच्या पुढून आवाज लावला. फक्त वाचन. कांचन ऐकत राहिली. सूप मांडीवर. मग म्हणाली, 'कोणाची पोरगी होय हे? किती साजरी वाचते.'

मी तोंड फिरवलं. मला पाहवलं नाही.

संघानं मग सुरुवातीपासून लावलं. नावापासून.

कांचननं कानातली वायर काढली, सुपात ठेवली, तुरीवर. संघा सांगत होती, चूक झाली, मशीनची झाली, माझी झाली, तुला वाचता येत होतं. कांचन म्हणाली, 'आता कायले सांगता?'

संघानं सुपातली वायर उचलली.

'तवा काहून नाही सांगतलं?'

'तेव्हा मला माहीत नव्हतं, कांचन.'

'तुमी तिथं होत्या ना? माह्या समोर? तुमाले कान नव्हते काय?'

संघा म्हणाली, 'होते.'

मी मध्ये बोलायला गेले, तिनं माझा हात दाबला. कांचन उठली. म्हणाली, 'चहा ठेवते. चहा घ्या आन् जा. आन् तो आवाज घेऊन जा तुमचा. मले नाही पाहिजे.' आणि तिनं चहा केला. आम्ही प्यायलो. दारातून निघताना तिनं आमच्याकडे पाहिलं नाही.

येताना एसटीत संघा खिडकीला डोकं लावून बसली होती. मी समजूत काढायला गेले, तू सांगितलंस ना, तुझं काम झालं. तर अशी उखडली माझ्यावर! म्हणाली, 'माह्यं काम झालं? माह्यं मन हलकं कराले गेलती का मी तिथं? तिचं काय झालं, ते सांग.'

त्यानंतर ती खचली. तब्येत आधीच बरी नव्हती. शेवटी दवाखान्यात नाकाला नळी, उशाशी ऑक्सिजनची मशीन, तिची अखंड घरघर. मी बाजूला बसलेली. संघानं डोळे उघडले आणि म्हणाली, 'कुसुम, हे बंद कर. पोरगी ऐकू येत नाही.' मी म्हटलं, 'हे बंद नाही करता येत बाई.' तर मला म्हणाली, 'मंग तू ऐक. काय वाचून राह्यली ते मले सांग.' आणि मी, देवाशपथ, मला तो उतारा पाठ झाला होता, मी तिच्या कानाशी तो पूर्ण म्हटला. ती ऐकत होती की नाही, माहीत नाही. संध्याकाळी गेली.

इथे शिक्षक बसले आहेत, अधिकारी बसले आहेत. तुमच्या शाळांत नवनवीन मशीन येऊन राह्यल्या. येऊ द्या. संघाही नको म्हणाली नसती, ती शेवटपर्यंत म्हणायची, माणसाच्या बोटापेक्षा बरीच असू शकते. पण मशीननं एखाद्या पोराला नापास म्हटलं, तर त्या पोराला समोर बसवा, पंखा बंद करा आणि स्वतः ऐका. नाही ऐकलं तर कोणी तरी कांचन कुठे तरी तूर पाखडत बसेल, आणि तुम्हाला तिच्या घरी जायची हिंमत होणार नाही. संघाला झाली. माझ्या मैत्रिणीबद्दल चांगलं म्हणून सांगायचं तर मी हेच सांगीन. तिनं ऐकून घेतलं. कान नव्हते काय विचारल्यावर, होते म्हणाली.

आणि एक शेवटचं. संघा गेल्याचं मी कांचनला कळवलं. कळवावं की नाही, दोन दिवस विचार केला. तिच्या शेजारच्या घरच्या फोनवर बोलले. तिनं विचारलं, 'मावशी, त्याईनं शेवटी माह्यी आठवण काढली काय?' मी खोटं बोलले नाही. म्हटलं, 'हो.' ती म्हणाली, 'माहा राग नाही गेला.' म्हटलं, 'नको जाऊ देऊ.' म्हटलं, 'शोकसभा आहे, येशील?' म्हणाली, 'नाही येत.'

मग म्हणाली, 'तो आवाज गेला काय त्याईच्यासंग?'

म्हटलं, 'नाही. माझ्याजवळ आहे.'

'मिटवू नका,' म्हणाली. 'ठेवा. मी येईन तवा येईन.'

दादा, वहिनी, सगळे उभे राहा. मोबाइल बंद करा. संघमित्रासाठी थोडा वेळ शांत उभे राहू. मी घड्याळ लावणार नाही. तिच्या मशीनला शांततेतली पोरं ऐकू आली नाहीत, आणि ती आयुष्यभर त्या शांततेला कान लावून बसली. आता तिच्याऐवजी आपण उभे राहू.

संघा, तुझा आवाज मी सांभाळून ठेवला आहे. तिचा आवाज. येईल ती. तू झोप आता, बाई.

जय भीम.